श्रमिक स्त्री आणि कामगार-निरीक्षक

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी आम्हांस व्याख्यानाचे निमंत्रण दिले आणि विषयाची निवडही आमच्यावरच सोपविली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, वधूवरांचा परिचय आणि शिक्षणनिधीचा हिशेब हे विषय अग्रभागी असावेत हे योग्यच आहे. तथापि या मंडपात बसलेल्या कुटुंबांपैकी कितीतरी कुटुंबांची चूल आज वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा येथील कारखान्यांवर पेटते. आपल्यापैकी काही कामगार आहेत, काही सुपरवायझर आहेत आणि काहींनी स्वकष्टाने स्वतःचे लहानसे वर्कशॉप उभे केले आहे. या कारखान्यांत ज्या आया-बहिणी राबतात त्यांच्या रक्षणाचे कायदे पुष्कळ आहेत. परंतु ते पाळले जातात की नाही हे पाहणारा जो निरीक्षकवर्ग, त्यात स्त्रिया पुरेशा संख्येने असल्याशिवाय त्या कायद्यांचे चीज होणार नाही, असे आमचे मत आहे. ते आपल्यापुढे मांडावे एवढ्याच हेतूने आम्ही उभे आहोत.

या विषयावर बोलण्याचा माळी समाजाला वारसाहक्कच आहे. हिंदुस्थानातील कामगार चळवळीचे जनक म्हणून ज्यांना गौरविले जाते, ते रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे आपल्याच समाजातले आणि महात्मा फुले यांचे निष्ठावंत अनुयायी. १८८१ साली पहिला फॅक्टरी कायदा झाला, परंतु त्यात केवळ मुलांचा विचार होता. स्त्री-कामगाराविषयी त्यात अक्षर नव्हते. लोखंडे यांनी १८८४ साली परळला गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सिद्ध केले. रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. पुढे एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची प्रचंड सभा भरली, तेव्हा दोन कामगार स्त्रियांनी त्या जनसमुदायापुढे उभे राहून भाषणे केली. ज्या काळी प्रतिष्ठित घरांतील स्त्री उंबऱ्याबाहेर बोलत नसे, त्या काळी गिरणीतल्या बायांनी आपले गाऱ्हाणे आपल्या तोंडाने मांडले. त्याच वर्षी जून महिन्यात रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामास दिवसाला ११ तासांची मर्यादा घातली गेली.

मर्यादा घातली खरी, पण ती पाळली जाते की नाही हे पाहावयाचे कोणी? गिरणीच्या रिळिंग आणि वाइंडिंग खात्यांत बायांवर नायकीण नावाची मुकादमीण असे. कामावर लागावयाचे तर तिला दस्तुरी द्यावी लागे, कामावर टिकावयाचे तरी तिचीच मर्जी सांभाळावी लागे. म्हणजे बाईच्या जवळ जी बाई होती ती मालकाच्या बाजूची, आणि कायद्याच्या बाजूचा जो निरीक्षक होता तो अपरिचित पुरुष. या दोहोंच्या कात्रीत स्त्री-कामगाराचे म्हणणे दाबले जात असे. आज नायकीण हा शब्द लोपला आहे, परंतु तिची जागा लेबर कंत्राटदाराच्या माणसाने घेतली आहे हे आपण जाणताच.

ही अडचण केवळ आपल्याच देशातील नव्हती. इंग्लंडात कारखाना-निरीक्षकाची संस्था १८३३ च्या कायद्याने सुरू झाली, परंतु स्त्री-निरीक्षक नेमल्या जावयास १८९३ साल उजाडावे लागले. त्या साली मे अब्राहम आणि मेरी पॅटरसन या दोघींची नेमणूक झाली. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात त्याच वर्षी फ्लॉरेन्स केली ही बाई मुख्य कारखाना-निरीक्षक झाली. या स्त्रियांनी काय केले, याचे एकच उदाहरण देतो. लूसी डीन या इंग्लंडमधील स्त्री-निरीक्षकाने १८९८ च्या अहवालात ॲस्बेस्टॉसच्या धुळीपासून होणाऱ्या अपायाकडे सरकारचे लक्ष वेधले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या धुळीचे कण काचेसारखे टोकदार दिसतात, हे त्या अहवालात नमूद झाले. त्या धुळीविरुद्ध इंग्लंडात नियम झाले ते १९३१ साली, म्हणजे तेहतीस वर्षांनी! त्या बाईचे ऐकले असते तर किती फुफ्फुसे वाचली असती याचा हिशेब कोण करील? हा धोका पुरुष-कामगारांनाही तेवढाच होता, हेही येथे लक्षात घ्यावे. स्त्री-निरीक्षकाची नजर केवळ स्त्रियांच्याच उपयोगी पडते असे नाही.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली जो व्हर्सायचा तह झाला, त्यात कामगारविषयक नऊ तत्त्वे ग्रथित केलेली आहेत. त्यांतील नववे तत्त्व असे की, प्रत्येक राष्ट्राने कामगारांच्या रक्षणासाठी निरीक्षणाची व्यवस्था करावी आणि तीत स्त्रियांचा सहभाग असावा. आपल्याकडे १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगावर बेरिल पॉवर ही बाई सभासद होती आणि ती स्वतः इंग्लंडच्या निरीक्षण खात्यातील वरिष्ठ अधिकारी होती. त्या आयोगाच्या १९३१ च्या अहवालातही स्त्री-निरीक्षकांची आवश्यकता प्रतिपादिली गेली. पुढे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४७ साली कामगार-निरीक्षणाचा ८१ वा करार संमत केला आणि भारताने तो १९४९ साली मान्य केला. त्याच्या आठव्या कलमात निरीक्षकपदासाठी स्त्री व पुरुष दोघेही पात्र राहतील असे म्हटले आहे. बाराव्या कलमाने निरीक्षकास पूर्वसूचनेवाचून दिवसा वा रात्री कारखान्यात प्रवेश करण्याचा आणि कामगारास एकांतात प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला आहे. तक्रार कोणी केली हे गुप्त ठेवण्याचे बंधनही त्याच करारात आहे. थोडक्यात, आम्ही आज जे सांगत आहोत ते नवे नाही. आपल्या देशाने ते वचन देऊन पाऊणशे वर्षे झाली आहेत.

एकांतात प्रश्न विचारण्याचा हा अधिकार आमच्या मते सर्वांत मोलाचा आहे. निरीक्षणाची रीत कशी असते ते पाहा. साहेबांची गाडी फाटकाशी येते. वॉचमन आत फोन करतो. कचेरीत चहा होतो, हजेरीपत्रक आणि पगारपत्रक पुढे ठेवले जाते. मग मॅनेजर, सुपरवायझर आणि साहेब असे तिघे पॅकिंग खात्यातून चालत जातात आणि एखाद्या बाईसमोर थांबून साहेब विचारतात, "काय बाई, काही तक्रार?" बाई मान खाली घालून म्हणते, "नाही साहेब." वहीत नोंद होते की तक्रार नाही. साहेब प्रामाणिक असतील, कर्तव्यदक्षही असतील. पण त्या बाईने त्यांना काय सांगावे? स्वच्छतागृहाला कुलूप असते आणि किल्ली सुपरवायझरकडे मागावी लागते, म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही, हे सांगावे? चौथा महिना लागला आहे, पण कंत्राटदाराला कळले तर उद्यापासून बोलावणार नाही, म्हणून पोट झाकून उभी आहे, हे सांगावे? रात्री पाळी सुटल्यावर फाटकाबाहेर रिक्षा मिळत नाही, हे सांगावे? की सुपरवायझरच्या तोंडची भाषा त्याच्याच देखत सांगावी? या गोष्टी पगारपत्रकात उमटत नाहीत. त्या एका बाईने दुसऱ्या बाईला, दार लोटून, हलक्या आवाजातच सांगावयाच्या असतात.

कायदेमंडळाने हे तत्त्व अन्यत्र स्वीकारलेले आहे. १९९७ साली विशाखा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. जेथे १० वा अधिक माणसे काम करतात तेथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष स्त्री हवी आणि निम्म्याहून कमी स्त्रिया तीत नसाव्यात, असे तो कायदा सांगतो. ही दक्षता का घेतली? स्त्रीचे गाऱ्हाणे ऐकणाऱ्यांत स्त्री असल्यावाचून ते गाऱ्हाणे बाहेरच पडत नाही, हे अनुभवाने पटले म्हणून. मग जे तत्त्व छळाच्या तक्रारीस लागू आहे ते पाळणाघर, स्वच्छतागृह, प्रसूतिरजा आणि समान वेतन यांच्या तपासणीस लागू का नसावे?

आता आपल्या मराठवाड्याकडे वळू. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिविषयक विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला प्रसूतीच्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते विधेयक १९२९ साली कायद्यात परिणत झाले. परंतु तेव्हा आपण मुंबई इलाख्यात नव्हतो. आपण निजामाच्या राज्यात होतो आणि १९४८ पर्यंत तेथेच राहिलो. या शहरात १८८९ सालापासून सुताची गिरणी होती, हिमरूचे माग होते, पण कारखानदारीचा खरा विस्तार झाला तो महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर. चिकलठाण्याची वसाहत झाली, १९८० नंतर वाळूजची वाढ झाली, पुढे शेंद्रा आणि बिडकीन आले. मुंबईच्या गिरणगावात स्त्री-कामगारांच्या चळवळीची जी शतकभराची परंपरा आहे, ती आपल्या वाट्याला आली नाही. येथे खेड्यातून आलेली बाई थेट कंत्राटदाराच्या यादीत गेली. औषधांचे पॅकिंग, वाहनांच्या वायरिंगची जुळणी, प्लास्टिकच्या भागांची छाटणी अशी कामे ती करते. युनियन तिला ठाऊक नसते. तिच्यापर्यंत पोहोचू शकेल असा कायद्याचा एकच माणूस आहे, तो म्हणजे निरीक्षक.

ज्या बाईचे नावच कोणत्या हजेरीपटावर नाही, तिची अवस्था याहून बिकट आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीस जाणारे नवराबायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब नवऱ्याच्या नावावर. मोळी डोक्यावर वाहणारी बाई मात्र कागदावर कोठेच नाही. या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा २०१९ साली झाला, आणि श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने चौकशी केली. तीत ८२,३०९ स्त्रियांची पाहणी झाली आणि १३,८६१ स्त्रियांवर ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. एवढी मोठी संख्या एका रात्रीत झालेली नाही. ती वर्षानुवर्षे वाढत होती, आणि ती वेळीच पाहील असा कोणी फडावर जात नव्हता.

लहान कारखान्यांचीही तीच कथा आहे. मुळशी तालुक्यातील उरवडे येथे ७ जून २०२१ रोजी एका रासायनिक कारखान्यास आग लागली. पिंपरी-चिंचवडजवळ तळवडे येथे ८ डिसेंबर २०२३ रोजी, वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या शोभेच्या मेणबत्त्या करणाऱ्या एका शेडमध्ये आग भडकली. दोन्ही ठिकाणी बळी पडलेल्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. हा योगायोग समजू नये. कमी पगाराचे, हाताने करावयाचे आणि कच्च्या शेडमधले काम स्त्रियांकडेच सोपविले जाते. निरीक्षक मोठ्या फाटकावर जातो, आणि स्त्रिया असतात मागल्या गल्लीत.

येथे नव्या कायद्यांचा विचार करणे प्राप्त आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाची जागा सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयीच्या संहितेने घेतली. १९४८ च्या मूळ कायद्यात स्त्रियांना सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळात कामावर ठेवण्यास बंदी होती. नव्या संहितेप्रमाणे स्त्रीला सर्व प्रकारचे काम करता येईल आणि तिच्या संमतीने, सुरक्षिततेच्या अटी पाळून, रात्रपाळीही देता येईल. स्त्रीला कामाची वाट मोकळी झाली याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु 'संमती' हा शब्द कंत्राटी बाईच्या बाबतीत किती खरा असतो? "रात्री येणार नसशील तर दिवसाही येऊ नकोस," असे म्हटल्यावर केलेली सही ही संमती नव्हे. ती सही खुषीची आहे की धाकाची, हे रजिस्टर पाहून कळणार नाही. रात्री अकरा वाजता जाऊन, बाईशी बोलूनच ते कळेल. त्यातच विजेवर चालणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येत येण्यासाठी पूर्वीच्या मूळ कायद्यात १० कामगार पुरत, ते नव्या संहितेत २० झाले आहेत. निरीक्षकास आता 'निरीक्षक-नि-सुविधाकार' म्हणावयाचे आहे, आणि कोणी कोठे तपासणीस जावे हे संगणक नेमून देणार आहे. ज्या काळात स्त्री रात्रीच्या पाळीत प्रवेश करीत आहे, त्याच काळात तपासणीची पद्धत बदलत आहे. म्हणून स्त्री-निरीक्षकांची निकड पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

याविरुद्ध तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, न्यायी पुरुषही स्त्रियांचे रक्षण करू शकतो. हे आम्हांस मान्य आहे, आणि अनेक पुरुष-अधिकाऱ्यांनी ते केलेही आहे. परंतु प्रश्न अधिकाऱ्याच्या सज्जनपणाचा नसून बाईच्या बोलण्याचा आहे.

दुसरा आक्षेप असा की, स्त्री-अधिकाऱ्याने आडवळणाच्या कारखान्यात एकटीने कसे जावे? यावर आमचे उत्तर असे की, ज्या ठिकाणी सरकारी ओळखपत्र असलेल्या स्त्रीला दिवसा जाणे धोक्याचे वाटते, तेथे अठरा वर्षांची कामगार मुलगी रात्री कशी सुरक्षित असेल? तिला वाहन द्यावे, सोबत द्यावी, हे सरकारचे कर्तव्य आहे. पद न देणे हा त्यावरील उपाय नव्हे. तसेच स्त्री-निरीक्षकांना केवळ 'बायकांच्या प्रश्नां'पुरते बाजूला बसवू नये. इंग्लंडातही प्रारंभी त्यांची शाखा वेगळी होती, ती १९२१ साली मुख्य शाखेत विलीन करावी लागली. बॉयलर, प्रेस आणि रसायने यांची तपासणी त्यांनी करावी, समान अधिकाराने करावी.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रक्षणाचे कायदे वाढले की मालक स्त्रियांना कामावरच घेत नाहीत, असे म्हणतात, आणि त्यास इतिहासाचा आधार आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी पाच कामगारांमागे सुमारे एक स्त्री असे. पुढे यांत्रिक सुधारणा, रात्रपाळीची बंदी आणि प्रसूतिभत्त्याचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती यांमुळे ते प्रमाण घसरत गेले. पण यातून कोणता बोध घ्यावयाचा? कायदा नको हा नव्हे. आजही पुष्कळ लहान मालक सव्वीस आठवड्यांच्या प्रसूतिरजेच्या भयाने बाईची नोंदच करीत नाहीत. वास्तविक जेथे राज्य कामगार विमा योजना लागू आहे तेथे तो लाभ विम्याच्या निधीतून मिळतो, मालकाच्या खिशातून जात नाही. हे मालकाला समजावून सांगणे आणि न ऐकल्यास कारवाई करणे, ही दोन्ही कामे दक्ष निरीक्षकाचीच आहेत.

आता आपण काय करावे, याविषयी तीन सूचना करून आम्ही भाषण आवरते घेतो.

पहिली सूचना मंडळास. आपल्या जिल्ह्यात कामगार खात्यात आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयात निरीक्षणाची मंजूर पदे किती, भरलेली किती आणि त्यांत स्त्रिया किती, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारावे आणि मिळालेले उत्तर पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावे.

दुसरी सूचना पालकांस. महाराष्ट्रात १९९४ च्या महिला धोरणाने शासकीय सेवेत स्त्रियांस ३० टक्के जागा राखीव झाल्या. या शहरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. कारखाना-निरीक्षणास अभियांत्रिकीचे शिक्षण लागते आणि आपल्या मुली ते घेत आहेत. मात्र पदवी झाली की त्यांनी 'बसून करावयाची' नोकरी पाहावी, फिरतीची नको, असा आग्रह घरातूनच होतो. स्थळ येणार नाही ही भीती त्यामागे असते. आम्ही नम्रपणे विचारतो, सावित्रीबाई १८४८ साली शेणाचे गोळे झेलीत शाळेकडे गेल्या, ती फिरती नव्हती काय? त्यांचे छायाचित्र व्यासपीठावर लावून आपल्या मुलीला फिरतीच्या नोकरीपासून रोखणे आपल्याला शोभत नाही. वधूवर-परिचयाच्या पुस्तिकेत 'फिरतीची नोकरी' हे दूषण म्हणून नव्हे, तर भूषण म्हणून छापले जाईल, असे आपण करू या.

तिसरी सूचना आपल्यातील उद्योजक बंधूंस, आणि तीच करावयास सर्वांत कठीण आहे. आपण आपल्या वर्कशॉपविषयी आपुलकीने बोलता, कामावरच्या बायांना घरच्यासारखे वागवतो असे सांगता, आणि ते खरेही असेल. मग त्यांचे नाव हजेरीपटावर घाला, विम्यात घाला, पगार बँकेत भरा, स्वच्छतागृहाची किल्ली त्यांच्याच हाती द्या. तपासणीस बाई आल्या तर कचेरीत चहा पाजून त्यांची बोळवण करू नका. त्यांना पॅकिंग खात्यात नेऊन सोडा आणि स्वतः दहा मिनिटे बाहेर उभे राहा. ज्याच्या कारखान्यात लपविण्यासारखे काही नाही, त्याला या दहा मिनिटांचे भय वाटण्याचे कारण नाही.

१८९० साली दहा हजारांच्या सभेत ज्या दोन स्त्रिया बोलल्या, त्यांना बोलता आले याचे एक कारण असे की, सभा बोलाविणारा माणूस त्यांच्या बाजूचा होता. आज वाळूजच्या शेडमध्ये उभ्या असलेल्या बाईला तसेच बोलता यावे, एवढीच अपेक्षा आहे.